गोळी थकली, आता पुढे काय?

पत्र:

'माझी आई ६६ वर्षांची आहे. जन्मात कधी तिने सिगारेट ओढलेली नाही. दोन वर्षांपूर्वी खोकला जाईना म्हणून तपासण्या केल्या, तर फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही चौथ्या स्टेजचा. ॲडिनोकार्सिनोमा नावाचा प्रकार. पेशींना वाढायचा हुकूम देणाऱ्या ईजीएफआर जनुकात (एक्झॉन १९ या भागात) बदल सापडला म्हणून तो हुकूम अडवणारं ओसिमर्टिनिब सुरू झालं. रोज एक गोळी. २२ महिने आई जवळजवळ पूर्वीसारखी होती. आता ताज्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसातली गाठ वाढली आहे, लिव्हरमध्ये दोन नवे ठिपके आहेत आणि छातीत थोडं पाणी झालंय. जिना चढताना तिला धाप लागते. बाकी आंघोळ, कपडे, घरातलं फिरणं सगळं तिचं ती करते.

आमच्या डॉक्टरांनी केमो सांगितली. दुसऱ्या डॉक्टरांनी केमोबरोबर अमिवान्टामॅब नावाचं नवं औषध सांगितलं. दूर राहणारा भाऊ म्हणतो, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, द्या, तिचा पीडी-एल१ (ते औषध लागू पडेल का याचा अंदाज देणारी गाठीतली खूण) ६० टक्के आहे. मावशी म्हणते, चालत नसेल तर ती गोळीही बंद करा आणि तिला सुखाने राहू द्या. मध्यंतरी आईच्या तीन गोळ्या चुकल्या होत्या, त्यामुळे तर हे झालं नाही ना, हा विचार जात नाही. आजार पुन्हा वाढलाय हे आईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरांकडे गेलो की ती बाहेर बाकावर बसते आणि मी रिपोर्ट घेऊन आत जाते. काही विचारलं तर म्हणते, "तुम्ही ठरवाल ते." दहा दिवसांनी पुढची भेट आहे. मी काय ठरवू?'

उत्तर:

ताई,

आधी त्या तीन गोळ्यांचं बोलू, कारण ती टोचणी मनात असेपर्यंत बाकीचं काही कानात शिरायचं नाही. आजार तीन गोळ्या चुकल्यामुळे वाढलेला नाही. ही गोळी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला आज ना उद्या असा स्कॅन येतो. ज्या अभ्यासामुळे २०१८ मध्ये ओसिमर्टिनिबला पहिलं औषध म्हणून मान्यता मिळाली, त्यात निम्म्या पेशंटचा आजार साधारण १९ महिने किंवा त्याहून जास्त आटोक्यात राहिला, उरलेल्या निम्म्यांचा त्याआधीच हलला. तुमच्या आईंना २२ महिने मिळाले. गोळी बहुतेक पेशींना दाबून ठेवते, पण त्या गर्दीत एखादी पेशी अशी असते जिला गोळी लागू पडत नाही. बाकीच्या दबल्या की तिला मोकळं रान मिळतं आणि मग तिचीच वीण वाढत जाते. घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून गोळ्या दिल्या तरी हे व्हायचं ते होतं.

दुसरी गोष्ट तातडीची. मावशींच्या सांगण्यावरून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मावशींची माया मला कळते, पण ही गोळी सगळीकडे निकामी झालेली नसते. शरीरातल्या कितीतरी पेशी अजून तिच्या धाकात असतात, आणि ती एकदम काढून घेतली की काही पेशंटमध्ये आजार थोड्याच दिवसांत उसळतो. नवं औषध सुरू होईपर्यंत ती चालू ठेवायची का, कधी थांबवायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ही गोळी मेंदूत चांगली पोचते, म्हणून पुष्कळदा केमो सुरू झाल्यावरही ती सोबत चालू ठेवतात. मात्र धाप आणि कोरडा खोकला दोन-चार दिवसांत झपाट्याने वाढला तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्वचित ही गोळीच फुफ्फुसांना सूज आणते, आणि तेव्हा ती लगेच थांबवावी लागते.

आता तुमचा प्रश्न. तुमच्याभोवतीची चार माणसं चार औषधांविषयी बोलत आहेत. पण आजाराने आता कोणतं रूप घेतलंय, हे अजून कुणी बघितलेलं दिसत नाही. निदान तुमच्या पत्रात तरी नव्या तपासणीचा उल्लेख नाही. जो रिपोर्ट समोर ठेवून सगळे मत देताहेत तो दोन वर्षांपूर्वीच्या गाठीचा आहे. आज जी गाठ वाढते आहे ती त्या गाठीची लेक असली, तरी हुबेहूब आईसारखी असेलच असं नाही.

म्हणून आधी वाढत्या गाठीचा छोटा तुकडा सुईने काढून तपासायला हवा, म्हणजे नवी बायोप्सी. त्या तुकड्यात काय सापडू शकतं हे सांगते, म्हणजे त्याचं मोल कळेल. काही पेशंटमध्ये मेट नावाच्या जनुकाच्या प्रती खूप वाढलेल्या असतात. पेशींनी ईजीएफआरचा रस्ता बंद झाल्यावर शोधलेली ती दुसरी वाट असते, आणि त्या वाटेवर नेम धरणारी औषधं आता आहेत, काही वापरात, काही चाचण्यांमध्ये. थोड्या पेशंटमध्ये, शंभरात मोजक्याच जणांमध्ये, गाठ आपली जातच बदलते आणि स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या वेगळ्या, झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारची होते. तसं झालं असेल तर केमोची औषधंच वेगळी लागतात. म्हणजे जुन्या कागदावर विसंबून सुरू केलेली चांगली केमोसुद्धा चुकीची ठरू शकते. आणि काहींमध्ये असं काहीच सापडत नाही. तेव्हा मग नेहमीची केमो निःशंक मनाने सुरू करता येते.

आई पुन्हा सुईला घाबरतील, हे मी न विचारताच धरून चालते. इथे त्यांच्या छातीतलं पाणी कामी येऊ शकतं. ते काढता येण्याइतकं असेल तर काढल्यावर धाप कमी होईलच, पण त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असल्या तर त्यांच्यावरूनच नव्या तपासण्या पुष्कळदा होतात. मात्र हे पाणी काढायच्या आधी सांगावं लागतं, कारण एकदा ते टाकून दिलं की गेलं. डॉक्टरांना एवढंच विचारा: 'पाणी काढणार असाल तर ते पेशींच्या आणि जनुकांच्या तपासणीला पाठवता येईल का? भरपूर पाठवाल ना?' थोडंसं पाणी पाठवलं आणि 'पेशी अपुऱ्या' असा रिपोर्ट आला की आठवडा वाया जातो आणि सुई पुन्हा टोचावी लागते. हे मी अनेकदा बघितलं आहे.

रक्तातूनही जनुकांची तपासणी होते, तिला लिक्विड बायोप्सी म्हणतात. ती सोपी आहे, जरूर करा. पण तिचा एक नियम लक्षात ठेवा. तिच्यात काही सापडलं तर ते सहसा खरं धरायचं, काही सापडलं नाही तर त्याचा अर्थ 'काही नाही' असा घ्यायचा नाही. गाठ रक्तात पुरेसे अंश सोडत नसेल तर रिपोर्ट कोरा येतो. आणि गाठीची जात बदलली आहे का, हे रक्तातून खात्रीने कळत नाही, त्याला पेशीच बघाव्या लागतात.

पत्रात मेंदूच्या एमआरआयचंही काही नाही. नवे ठिपके दिसले आहेत त्याअर्थी मेंदू तपासल्याशिवाय पुढचं ठरवू नये. डोकं दुखत नसलं तरीही. मेंदूत काही निघालं तर तिथे नेमक्या जागी रेडिएशन देता येतं, आणि औषधाची निवडही बदलते. स्कॅनमधे एकच जागा वाढलेली असती तर फक्त तिथे रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवा, असंही कदाचित मी म्हटलं असतं. तसं करतात आणि काही काळ ते चालतंही. तुमच्या आईंच्या बाबतीत फुफ्फुस, लिव्हर आणि छातीतलं पाणी अशा तीन ठिकाणी हालचाल आहे, त्यामुळे नुसतं रेडिएशन पुरेल असं वाटत नाही.

या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ते दिवस जिवाला फार घोर लावतात. रोज वाटतं, आजार वाढतोय आणि आपण रिपोर्टची वाट बघत बसलोय. आई स्वतःचं सगळं करताहेत, तोवर हे आठवडे बहुतेक वेळा परवडतात. धाप किंवा अशक्तपणा दिवसागणिक वाढायला लागला तर मात्र डॉक्टर थांबणार नाहीत, आणि थांबूही नये.

आता औषधांकडे वळू. आईंचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे 'हेच घ्या' असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक पर्यायात काय मिळतं आणि काय मोजावं लागतं, ते सांगते.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली केमो बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड असेल. दर तीन आठवड्यांनी एक डोस, असे साधारण चार, मग चांगली साथ मिळाली तर एकटं पेमेट्रेक्सेड पुढे चालू. त्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी-१२ चं इंजेक्शन लागतं, ते चुकवू नका, त्रास कमी राहण्यासाठीच ते असतं. किडनी नीट चालते आहे ना, हे आधी बघावं लागतं. केमो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, त्या मानाने ही जोडी बरीच सोसवणारी आहे. केस बहुधा पूर्ण जात नाहीत, विरळ होतात. थकवा येतो, पहिल्या आठवड्यात जास्त. एक नियम मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवा: केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे फॅरनहाइटच्या १००.४ च्या वर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात न्यायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना अंगावर काढलेला ताप काही तासांत जिवावर बेततो.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं अमिवान्टामॅब ईजीएफआर आणि मेट या दोन्ही वाटा एकदम अडवतं. ओसिमर्टिनिबनंतर आजार वाढलेल्या, म्हणजे तुमच्या आईंसारख्याच पेशंटमध्ये ते तपासलं गेलं आहे. नुसत्या केमोने १०० पैकी ३६ जणांच्या गाठी ठळकपणे आकसल्या, दोन्ही मिळून दिल्यावर ६४ जणांच्या. आजार थोपवून धरण्याचा मधला आकडा नुसत्या केमोत ४.२ महिने आणि दोन्ही मिळून ६.३ महिने होता. ही झाली मिळकत. गंभीर म्हणावेत असे त्रास नुसत्या केमोत १०० पैकी ४८ जणांना झाले आणि दोन्ही मिळून ७२ जणांना, त्यातले बरेच रक्तातल्या पेशी कमी होण्याचे. पहिल्या डोसला थंडी वाजून येणं, धाप लागणं हे पुष्कळांना होतं, म्हणून सलाईनमधून देतात तेव्हा पहिला डोस दोन दिवसांत विभागतात. सुरुवातीला दर आठवड्याला दवाखान्यात जावं लागतं. चेहऱ्यावर पुरळ येतं, पायांना सूज येते, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. नखुरडं होतं, आणि ज्यांना ते झालंय त्यांनाच माहीत की गाऊनचं एक बटण लावायला किती वेळ लागतो.

मधला आकडा म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, नाहीतर तो छातीवर दगडासारखा बसतो. १०० पेशंट एका रांगेत उभे केले, ज्याचा आजार सगळ्यात आधी वाढला तो पहिला आणि ज्याचा सगळ्यात उशिरा वाढला तो शेवटचा, तर मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा तो आकडा. तुमच्या आई त्या रांगेत कुठे उभ्या आहेत हे कुणालाच आधी कळत नाही. ६.३ ही त्यांची मुदत नाही, आणि हमीही नाही. तो आजार वाढेपर्यंतचा काळ आहे, आयुष्याचा नाही, ही गल्लतही घरोघरी होते.

भावाचं म्हणणं चुकीच्या जागेवरून आलेलं नाही. इम्युनोथेरपीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचं चित्र खरोखर बदललं. त्यामागच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. आणि पीडी-एल१ ५० टक्क्यांच्या वर असेल तर एरवी ती पहिल्या पसंतीची असते. पण ईजीएफआरचा बदल असलेल्या गाठींवर एकटी इम्युनोथेरपी फारसं काम करत नाही, पीडी-एल१ चा आकडा मोठा असला तरी. गोळीनंतरच्या केमोला तिची जोड देऊन बघितली, त्यातूनही ठोस फायदा दिसला नाही. शिवाय इम्युनोथेरपीच्या पाठोपाठ पुन्हा ओसिमर्टिनिब द्यायची वेळ आली तर फुफ्फुसांना सूज येण्याचा धोका वाढतो. भावाला हे पटवत बसण्यापेक्षा पुढच्या भेटीच्या वेळी त्याला फोनवर घ्या आणि हा प्रश्न त्यालाच डॉक्टरांना विचारू द्या. दूर असलेल्या मुलाला हाताने करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो रात्र रात्र वाचत बसतो आणि औषधं सुचवतो. त्याला एक खरं काम द्या. तपासण्यांच्या तारखा आणि सगळे रिपोर्ट क्रमाने लावून ठेवणं, हे काम तो लांबूनही उत्तम करेल.

चाचणीतल्या, म्हणजे ट्रायलमधल्या औषधाबद्दल विचारायचं असेल तर केमो सुरू होण्याआधी विचारा. काही ट्रायलमध्ये आधी किती आणि कोणती औषधं झाली यावर प्रवेश ठरतो, त्यामुळे नंतर विचारलं तर दार बंद झालेलं असू शकतं. आणि 'यानंतर काय?' हेही विचारून ठेवा. ईजीएफआरच्या पेशंटमध्ये गोळी आणि केमो दोन्ही होऊन गेल्यावर देण्यासाठी डाटोपोटामॅब डेरुक्स्टेकान या औषधाला अमेरिकेच्या नियामकांनी जून २०२५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे ही शेवटची पायरी नाही, पण पुढच्या प्रत्येक पायरीवर मिळकत थोडी कमी आणि मोल थोडं जास्त होत जातं, हेही तितकंच खरं आहे.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य औषधांबद्दलचं नाही. आई बाहेर बाकावर बसतात, ते.

माझे वडील याच आजाराने गेले. मी डॉक्टर, म्हणून घरातल्या सगळ्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला, आणि वडीलही म्हणाले, 'तू बघ काय ते.' मी बघितलं. तिसरी केमो मीच ठरवली. कागदावर ती योग्यच होती. त्यांच्या शेवटच्या अकरा आठवड्यांतले आठ दवाखान्यात गेले. मधे एकदा चार दिवसांसाठी घरी आले, तेव्हा मी त्यांच्या मनगटावरचा दवाखान्याचा पट्टा कापायला कात्री आणली. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, 'राहू दे. परत जायचंच आहे.' तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्यांना हे हवं होतं का, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. औषध कोणतं, डोस किती, सगळं विचारलं होतं, पण दुसऱ्या डॉक्टरांना.

'तुम्ही ठरवाल ते' याचा अर्थ 'मला काही म्हणायचं नाही' असा नसतो. पुष्कळदा त्याचा अर्थ असतो, 'मी विचारलं तर तुम्हाला सांगावं लागेल, आणि ते तुम्हाला जड जाईल.' आईंना काही माहीत नाही असं तुम्हाला वाटतं. बाकावर बसलेल्या माणसाला आत गेलेल्या लेकीचं परत येतानाचं तोंड दिसत असतं. त्यांना तपशील माहीत नसेल, पण काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलेलं असणार. आणि न सांगितलेल्या गोष्टीची भीती सांगितलेल्या गोष्टीपेक्षा मोठी असते, कारण ती कुणाशी बोलता येत नाही.

सगळं एका दमात सांगायची गरज नाही. घरात शांत वेळ बघा, टीव्ही बंद करा, शेजारी बसा. आणि आधी त्यांनाच विचारा, 'आई, तुला काय वाटतंय, तब्येत कशी चाललीय?' त्या जे बोलतील त्याच्यामागून जा. मग विचारा, 'नव्या स्कॅनचं तुला किती सांगू? सगळं, की थोडक्यात?' कुणी म्हणतं सगळं सांग. कुणी म्हणतं, औषध काय आहे तेवढं सांग, आकडे नकोत. दोन्ही उत्तरं मानायची. 'गोळीचा जोर कमी झालाय, गाठ थोडी वाढलीय, आता दुसरं औषध बघावं लागेल', एवढं सांगितलं तरी खूप झालं. त्या रडल्या तर रडू द्या. घाईने 'काही होत नाही गं' म्हणू नका, तिथे बोलणं संपतं.

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यावर औषधाची निवड खरी ठरते. 'तुला काय हवं?' असा थेट विचारला तर माणसं गांगरतात. मी उलटा विचारते: 'काय झालेलं तुला अजिबात चालणार नाही?' एका बाईंना मी हे विचारलं होतं. त्या जराही न थांबता म्हणाल्या, 'माझी आंघोळ माझ्या मुलाला घालावी लागली, तर ते औषध मला नको.' मी ते वाक्य त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्यांनी केमो घेतली, चांगली मानवली, सहा-सात डोस झाले. मग एका भेटीत त्या आत आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधी फाइलचं ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. काही बोलल्या नाहीत. आम्ही केमो त्या दिवशी थांबवली, आणि पुढचं सगळं लक्ष धाप आणि झोप यांवर दिलं. मुलाने वाद घातला नाही, कारण ते पान त्याच्यासमोर लिहिलं होतं.

तुमच्या आईंचं उत्तर काय येईल मला माहीत नाही. दवाखान्याच्या खेपा नकोत म्हणाल्या, तर सुरुवातीला दर आठवड्याचं अमिवान्टामॅब त्यांच्यासाठी महाग पडेल, आकडे कितीही चांगले असोत. 'जेवढं जमेल तेवढं करा, मी सोसेन' म्हणाल्या, तर त्याच आकड्यांचा अर्थ बदलतो. आढेवेढे न घेता सांगायचं तर, आज ज्या स्थितीत त्या आहेत, म्हणजे स्वतःचं सगळं करताहेत आणि फक्त जिन्यावर धाप लागते, त्या स्थितीत पुढचं औषध घेऊन बघण्यात अर्थ आहे असं माझं मत आहे. केमो कुणाला झेपेल हे वयापेक्षा यावरून जास्त कळतं. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ ज्यांचा अंथरुणात जातो, त्यांना केमो सहसा फायद्यापेक्षा तोटाच करते. तुमच्या आई तिथे नाहीत.

पण 'घेऊन बघणं' याला सुरुवातीलाच एक मर्यादा घालून घ्या. दोन डोस, मग स्कॅन, आणि त्या दिवशी तीन गोष्टी बघायच्या: गाठ काय म्हणते, अंग काय म्हणतं, आई काय म्हणतात. तिन्हींमधल्या दोन विरोधात गेल्या तर बदलायचं किंवा थांबायचं. हे आधी ठरलेलं असलं की नंतर कुणालाही 'मी हार मानली' असं वाटत नाही. केमो सुरू करणं म्हणजे लग्नाची गाठ नव्हे, कुठल्याही डोसनंतर 'पुरे' म्हणता येतं.

मावशींच्या म्हणण्यातली अर्धी गोष्ट मात्र मला पूर्ण मान्य आहे, आईंना सुखाने राहू द्या ही. फक्त त्यासाठी बाकीचे उपचार बंद करावे लागत नाहीत. त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या टीमला, आत्ताच भेटा. त्यांचं नाव काढलं की लोकांना वाटतं आता शेवट आला. २०१० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फुफ्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या १५१ पेशंटवरचा. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून ही टीम दिली होती. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, उदासी कमी राहिली, शेवटच्या काळातली दवाखान्यातली ओढाताण कमी झाली, आणि तरीही त्यांचं आयुष्य थोडं जास्तच भरलं, मधला आकडा ११.६ महिने, तर दुसऱ्या गटाचा ८.९. धापेसाठी ही माणसं अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिन देतात, त्याने घाबरायचं कारण नाही. आणि एक उपाय तुम्ही आजच करू शकता. हातात धरायचा छोटा बॅटरीचा पंखा घ्या आणि धाप लागली की नाक-ओठांवर वारा येईल असा धरा. चेहऱ्यावर गार वारा लागला की धापेची जाणीव कमी होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक खुर्ची आणि तिच्यावर तो पंखा, एवढं करून बघा.

भेटीला जाताना आधीच्या आणि ताज्या, दोन्ही स्कॅनच्या सीडी न्या, नुसते छापील रिपोर्ट नकोत. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, घरगुती आणि इतर पॅथींच्या औषधांसकट, काही लपवू नका. आईंशी बोलणं झालेलं असेल तर त्यांचं ते एक वाक्य त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्या. आणि त्या दिवशी बाहेरचा बाक रिकामा राहू द्या. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर आई बसू देत. तुम्ही बाजूला बसा, वही घेऊन.